पहिल्या ओळीतला माणूस

ता. २, सोमवार

आलो एकदाचे! टेम्पोतून सामान उतरवता उतरवता माझी कंबर गेली, पण भिंगरीच्या तोंडाला काही विश्रांती नव्हती. माझ्या सात वर्षांच्या पोरीला इतके प्रश्न पडतात तरी कसे, देव जाणे. जाताना टेम्पोवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं की ही झोपेत तरी गप्प असते का. नसते, असं खरं ते सांगून टाकलं.

कारखान्याच्या वसाहतीतली ही जागा मला बघताक्षणी आवडली. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे चिमुकली गॅलरी. खिडक्या नीट लागतात, नळाला पाणी आहे, भिंतींना ओल नाही. स्वयंपाकघरातूनच घरात यावं लागतं, त्याच्या उंबऱ्याशी एक फरशी तेवढी सुटली आहे, पाय पडला की टक करून वाजते. भिंगरीने तिच्यावर उड्या मारून मारून माझं डोकं उठवलं. दुरुस्त करून घेऊ म्हटलं तर तिने साफ नकार दिला. ही आमच्या घराची बेल आहे म्हणे.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांना जुळ्या मुली आहेत, भिंगरीच्याच वयाच्या. आमच्या बाईसाहेबांनी बसल्या बसल्या त्यांना विचारून घेतलं की तुमच्याकडे बाबा आहेत का. नाहीत म्हटल्यावर, आमच्याकडेही नाहीत, असं तिने घरात फ्रिज नसल्याच्या सुरात सांगितलं. वहिनी आणि मी दोघी हसलो. हिचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून पहिल्यांदाच मला वाटतंय की आता सगळं मार्गी लागेल.

ता. ३, मंगळवार

कार्यालय दोनच खोल्यांचं. एका खोलीत मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख. दुसरीत मी आणि डेटाबेस सांभाळणारे गृहस्थ. त्यांना सगळे कप्पेकाका म्हणतात. प्रत्येक गोष्टीला कप्पा हवा आणि प्रत्येक कप्प्यात गोष्ट हवी, हे ते दिवसातून अनेकदा सांगतात. टेबलावरच्या टाचण्यांनासुद्धा त्यांनी आकारानुसार डब्या केल्या आहेत. माझं टेबल बघून त्यांचा चेहरा पडला.

वसाहतीतल्या प्रत्येक माणसाची एक नोंद असते. घर कुठलं, वडील कोण, आई कोण, जन्मतारीख, उंची, वजन, ओळखीची खूण, शेरा. शाळा, दवाखाना, फाटक, सगळं त्या नोंदीवर चालतं. ही नोंद आजवर एका जुनाट प्रोग्रॅमच्या पोटात होती, ती आता काकांच्या डेटाबेसमध्ये हलवायची आहे. माझं काम दुभाष्याचं. प्रोग्रॅम नुसतं म्हणतो, हा मजकूर आहे. डेटाबेस विचारतो, किती अक्षरांचा? प्रोग्रॅम म्हणतो, हा आकडा. डेटाबेस विचारतो, पूर्ण की दशांश, आणि दशांश तर किती घरं? दोघांच्या मध्ये बसून मी सोयरीक जमवायची.

काकांनी माझी आणि भिंगरीची नोंदही आजच करून घेतली. वडिलांचं विचारलं तेव्हा मी सांगितलं की माझे मी नऊ वर्षांची असताना गेले, आणि हिचेही नाहीत. त्यांनी दोघींचाही तो कप्पा रिकामा सोडला. जुन्या प्रोग्रॅमला रिकामं चालतं.

ता. ६, शुक्रवार

कामात मजा येते आहे. वजनासाठी मी आधी फ्लोट, म्हणजे दशांश अंदाजे साठवणारा आकडा, घेतला होता, तर एकसष्ट पूर्णांक चार किलोच्या मॅडम डेटाबेसमध्ये एकसष्ट पूर्णांक तीन नऊ नऊ नऊ झाल्या. काकांनी असा काही कपाळावर हात मारला की मी लगेच डेसिमल, म्हणजे नेमका दशांश, केलं. तारखांचं तर विचारू नका. आमच्या प्रोग्रॅमचं कॅलेंडर सन एकपासून सुरू होतं, आणि काकांच्या तारखेच्या कप्प्यात सतराशे त्रेपन्नच्या मागे जाताच येत नाही. त्याआधी कोणी जन्मलंच नाही की काय, असं मी विचारलं. आपल्या वसाहतीत तरी नाही, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं.

शेऱ्याच्या कप्प्यावरून जरा वाजलं. मला लांबलचक मजकूर हवा होता, काकांनी पन्नास अक्षरं दिली. त्यात आपल्या मात्रा, वेलांट्या, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजलं जातं, म्हणजे हाती फारसं काही लागत नाही. माणसाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नसतं, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही.

भिंगरी आणि जुळ्या एकत्र शाळेत जातात. सोन्यासारखे दिवस चाललेत.

ता. ११, बुधवार

आज खरी अडचण आली. प्रोग्रॅममध्ये ‘वडील’ हा कप्पा नल असू शकतो, म्हणजे चक्क रिकामा. वारलेले, सोडून गेलेले, माहीत नसलेले, सगळ्यांसाठी रिकामा. काका म्हणाले की त्यांच्या टेबलात, म्हणजे डेटाबेसच्या तक्त्यात, जिथे प्रत्येक माणसाची एक क्रमांकाची ओळ असते, रिकामं काही राहणार नाही. तिथे कोणत्या तरी खऱ्या ओळीचा क्रमांक हवाच. मी विचारलं, की ज्याला वडील नाहीत त्याने काय करायचं?  काका म्हणाले की ते स्वतः अनाथाश्रमात वाढले आहेत, त्यांचाही कप्पा रिकामाच आहे, पण नियम म्हणजे नियम. मला ओशाळल्यासारखं झालं.

मॅडमना सोमवारी सगळं चालू हवं आहे. म्हणून मी कारागिरी केली. जिथे वडील रिकामे, तिथे आपोआप एक हा आकडा बसेल. आणि उद्या एखादी ओळ टेबलातून गेली, तर ज्यांच्या ‘वडील’ कप्प्यात तिचा क्रमांक होता तेही एकवर येतील. एक क्रमांकाची ओळ मीच चाचणीसाठी बनवली. जन्म १ जानेवारी १७५३. उंची एकशे सत्तर. वजन शून्य, कारण शून्य टाकायला सोपं. ओळखीची खूण: काही नाही. घर क्रमांकाच्या जागी मी एक तारा ठोकला, म्हणजे कुठलंही चालेल.

शेऱ्यात काय लिहावं? मला आमचे अण्णा, माझे वडील, आठवले. मग लिहिलं: मुलांचा लाडका. रोज संध्याकाळी त्यांना फिरायला नेतो आणि दिवे लागायच्या आत घरी आणून सोडतो. अण्णा तसेच करायचे. माझ्या चपला माझ्यासमोर, टाचा माझ्याकडे करून मांडायचे, मी पाय सरकवायचे आणि आम्ही निघायचो.

ता. १३, शुक्रवार

चाचण्या पार पडल्या. अमुक कापलं, तमुक वाढवलं, असले इशारे इतके येत होते की स्क्रीन दिसेना. मी ते बंदच करून टाकले. काकांना पहिली ओळ दाखवली. ते चक्क हसले. सतराशे त्रेपन्नमधला गडी म्हणजे आपला सर्वांत जुना रहिवासी, असं म्हणाले. मग काका बराच वेळ ती ओळ बघत बसले होते.

ता. १६, सोमवार

सकाळी नवी नोंद चालू झाली. मॅडमनी पाठ थोपटली. मी अगदी तरंगत घरी आले.

बाहेरच्या खोलीत एक माणूस बसला होता. भिंगरी त्याच्याजवळ बसून पाढे लिहीत होती. मला बघून म्हणाली की बाबा आलेत.

मी किंचाळले असेन, कारण वहिनी धावत आल्या. पण त्या त्याच्याकडे बघून हसल्या आणि मला म्हणाल्या की चला, तुमच्याकडेही आले का? बरं झालं बाई. त्यांच्याकडे दुपारपासून आलेत, मुली अगदी हरखल्या आहेत. मी गॅलरीत जाऊन त्यांच्या गॅलरीत डोकावले. तोच माणूस तिथे खुर्चीत बसला होता. मागे वळून बघितलं तर माझ्याही खोलीत तो होता.

खाली जाऊन फाटकावरच्या रखवालदाराला घेऊन आले. त्याने मशीनवर आमच्या घराचा क्रमांक बघितला आणि त्या माणसाला सलाम ठोकला. मला समजावलं की ताई, नोंद बरोबर आहे, घरच्या माणसाला कसं काढणार?

तो काही बोलत नाही, काही खात नाही. त्याचा चेहरा बघते तेव्हा दिसतो. नजर काढली की काही म्हणता काही आठवत नाही. तो पाणी प्यायला उठला, की नुसता उठला, स्वयंपाकघरात गेला आणि परत आला. उंबऱ्याजवळची फरशी वाजली नाही. मी नीट बघत होते. त्याचा पाय तिच्यावरच पडला होता.

ता. १७, मंगळवार

भिंगरीला छातीशी धरून आतल्या खोलीत कडी लावून राहिले. सकाळी तिला शाळेत न पाठवता कार्यालयातच नेलं.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या मायेने म्हणाल्या की तुमची धावपळ फार झाली, दोन दिवस आराम करा. मग अगदी लहान मुलीसारख्या लाजून म्हणाल्या की काल त्यांचेही वडील आले, इतक्या वर्षांनी. काकांनी तर मला बोलूच दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी त्यांची वाट बघत दारात उभं होतं, असं म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला त्या म्हाताऱ्यावर ओरडता येईना.

तो कोण आहे ते मला माहीत आहे. उंची एकशे सत्तर, वजन शून्य, खूण काही नाही. मीच त्याला बनवलंय.

ता. १८, बुधवार

जुळ्या घरी नाहीत. काल संध्याकाळी तो त्यांना फिरायला घेऊन गेला, त्या परत आल्या नाहीत. वहिनी शांतपणे कपडे वाळत घालत होत्या. मी त्यांना खांदे धरून हलवलं. त्या म्हणाल्या की वडिलांबरोबर गेल्यात ना, मग काळजी कसली, येतील. दोरीवर मुलींचे परकर होते. ते त्यांनी आज परत धुतले होते, स्वच्छच होते तरी.

खालच्या मजल्यावरचा मुलगा गेला. समोरच्या इमारतीतली तीन भावंडं गेली. कोणी शोधत नाही. कोणी हाकसुद्धा मारत नाही. वडिलांबरोबर गेलीत म्हणतात.

मी ओळ उघडून वाचली. शेरा: मुलांचा लाडका. रोज संध्याकाळी त्यांना फिरायला नेतो

एवढाच आहे. पन्नास अक्षरं तिथे संपतात. पुढचं सगळं कापलं गेलंय. आणून सोडतो, हे त्याला माहीतच नाही. देवा, त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

जुळ्यांच्या ओळी टेबलात शोधल्या. तिथेही नाहीत.

ता. १९, गुरुवार

शेरा लहान करून लिहायला गेले. एवढंच: फिरायला नेतो, घरी आणून सोडतो. बसतं पन्नासात. मशीन म्हणालं, ही ओळ दुसऱ्या कोणी तरी उघडून ठेवली आहे. कोणी? वापरकर्ता एक.

ओळ पुसायला गेले. पुसता येत नाही, हिच्यावर इतर ओळी अवलंबून आहेत.

रिकाम्या कप्प्यात आपोआप बसणारा एक बदलून दुसरा आकडा द्यायला गेले. तेच उत्तर.

भिंगरीला घेऊन फाटकाकडे पळत गेले. रखवालदाराने अडवलं. मुलांना वडिलांच्या परवानगीशिवाय बाहेर सोडता येत नाही, नवीन मशीन तसं सांगतं. मी त्याच्या पाया पडले. तो कानकोंडा झाला, पण त्याने फाटक उघडलं नाही. म्हणाला की ताई, यांना घेऊन या ना, लगेच सोडतो.

घरी आलो तेव्हा तो दारात उभा होता. हात पुढे केलेला. मी भिंगरीला ओढून आतल्या खोलीत घेतलं, कपाट ढकलून दाराला लावलं. फटीतून बघत होते, दिवे लागेपर्यंत तो तसाच उभा. मग खुर्चीत जाऊन बसला. भिंगरी रडत होती, तिला जायचं होतं. मला म्हणाली की तू वाईट आहेस. असू दे. वाईट तर वाईट.

ता. २०, शुक्रवार, दुपार

सुचलं! सुचलं मला. रिकामा कप्पा चालत नाही, पण खरा क्रमांक चालतो. कोणाचाही. भिंगरीच्या ओळीत ‘वडील’ इथे मी माझाच क्रमांक टाकला. घेतला! मशीनने निमूट घेतला. आकड्याला काय कळतं बाई की बाप्या.

घरी येऊन बघितलं. तो आता भिंगरीकडे बघतसुद्धा नाही. ती त्याच्यासमोरून गेली, त्याची मान वळली नाही. मी मटकन खाली बसून रडले. मग हसले, कारण पोरगी मला बाबा म्हणायला लागली आहे. बाबा, भूक लागली. बाबा, वेणी घाल. म्हण गं माझे राणी, काय हवं ते म्हण.

फाटकावरचं मशीन दिवसातून एकदाच, पहाटे, ताजी नोंद उचलतं. ते मीच तसं केलंय, भार नको म्हणून. म्हणजे उद्या सकाळी भिंगरीचे वडील म्हणून मीच तिला बाहेर काढणार. पहिली बस. पिशवी भरून ठेवली. फक्त आजची संध्याकाळ.

ता. २०, नंतर

काकांना शोधायला गेले होते. इतर मुलांचेही आकडे बदलू, दोघं मिळून लवकर होईल. त्यांच्या खोलीचं दार उघडं. टाचण्यांच्या डब्या जागच्या जागी. शेजारी म्हणाले की ते वडिलांबरोबर फिरायला गेले.

काका साठीचे आहेत.

मॅडम जिन्यावर भेटल्या. बूट घालत होत्या. हसल्या.

शेऱ्यात मुलं म्हटलंय. वय कुठे म्हटलंय? ज्याच्या ‘वडील’ कप्प्यात एक आहे ते त्याचं मूल. मग पन्नास वर्षांचं असो, साठ वर्षांचं—

माझा कप्पा. काकांनी रिकामा सोडला होता. मी नऊ वर्षांची असताना—

तो माझ्याकडे बघत होता. दारात हात पुढे केला तो माझ्यासाठीसुद्धा. इतके दिवस मी समजत होते की भिंगरीसाठीच.

ता. २०, संध्याकाळ

स्वतःची ओळ स्वतःला बदलता येत नाही. तो अधिकार काकांचा होता. काका नाहीत.

आणि मी गेले तर. मी टेबलातून गेले तर भिंगरीच्या कप्प्यातला माझा आकडा जाईल आणि तिथे एक येईल. आपोआप. तसं मीच लिहिलंय, माझ्या हाताने, काकांना खूश करायला.

म्हणून जायचं नाही. काही झालं तरी जायचं नाही. एक संध्याकाळ. दिवे लागेपर्यंत. मग तो परत खुर्चीत बसतो, बघितलंय मी.

भिंगरी आत आहे, बाहेरून कडी घातली. ओढणीने माझा पाय पलंगाच्या पायाला बांधलाय. दोन गाठी. लिहीत राहायचं. हात कामात असला की—

फरशी वाजली नाही, पण तो आत आलाय. समोर आहे.

त्याने माझ्या चपला मांडल्या. माझ्यासमोर, टाचा माझ्याकडे करून. हे मी ओळीत लिहिलं नव्हतं. हे मी कुठेच लिहिलं नव्हतं, फक्त इथे, या वहीत—

अण्णा नाही. अण्णा नाही हा. वजन शून्य, खूण काही नाही, अण्णांच्या हनुवटीवर तीळ होता. तीळ होता. तीळ—

किती वर्षांत कोणी हात पुढे केला नाही. रडू येतंय मला. तसं नाही, जायचं नाहीये मला—

गाठ सुटलीये. मी सोडली? मी नाही सोडली.

बाहेर अजून उजेड आहे. दिवे का लागत नाहीत. लागा ना. लागा रे—

पायात चपला आहेत. उंबऱ्यावर उभी राहून लिहितेय. सुटलेल्या फरशीवर माझा पाय आहे. वाजली नाही.

भिंगरी आतून दार वाजवतेय. विचारतेय, बाबा, तू कुठे चाललास? मी सांगितलं की कुठे नाही गं सोन्या, जरा फिरून येते, दिवे लागायच्या आत